मंदावलेला लॅपटॉप : रोगपरीक्षा आणि उपचार

घरांत एखादें मूल आजारी पडलें म्हणजे शहाणा वैद्य एकदम औषधाच्या बाटलीला हात घालीत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, झोप कशी लागली, काय खाल्लें हें विचारतो, आणि मग औषधाचा विचार करितो. लॅपटॉपच्या बाबतींत मात्र आपणांपैकीं पुष्कळांची रीत याच्या अगदीं उलट असते. यंत्र थोडें मंदावलें कीं कोणी तें वारंवार बंद-चालू करितो, कोणी कळफलकावर राग काढितो, कोणी ‘वेग वाढविणारें’ एखादें सॉफ्टवेअर फुकट मिळतें म्हणून उतरवून घेतो, आणि शेवटीं “हें आतां जुनें झालें, नवें घ्या” असा निकाल लागतो. हा निकाल कित्येक वेळां चुकीचा असतो, आणि त्याचा दंड पालकांस भरावा लागतो. ज्या घरीं नव्या लॅपटॉपची किंमत म्हणजे दोन-तीन महिन्यांचा पगार, त्या घरीं हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा राहत नाहीं. म्हणून यंत्र मंद कां होतें, दोष कोठें आहे हें घरच्याघरीं कसें ओळखावें, आणि कोणत्या उपायास खर्च करणें योग्य व कोणत्या नव्हे, हें या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विवेचन विंडोजवर चालणाऱ्या यंत्रांस धरून केलें आहे. कारण आपल्या बहुतेक घरीं तींच आढळतात.

प्रथम यंत्राच्या आंत काय चालतें तें पाहूं. किराणा मालाच्या दुकानाची कल्पना केली असतां ही गोष्ट चटकन ध्यानांत येईल. गल्ल्याशीं बसलेला दुकानदार म्हणजे प्रोसेसर. हिशेब, मोजमाप, देणें-घेणें सर्व त्याच्या हातून होतें. त्याच्या हाताशीं असलेली फळी म्हणजे रॅम. जो माल आतां लागणार तो तेथें काढून ठेविलेला असतो. आणि मागची वखार म्हणजे डिस्क. सर्व माल कायमचा असतो तो तेथें. दुकान मिटलें कीं फळी रिकामी होते, वखार मात्र भरलेलीच राहते. म्हणूनच बॅटरी संपून यंत्र एकाएकीं बंद पडलें असतां न साठविलेला निबंध नाहींसा होतो आणि साठविलेला सुरक्षित राहतो. आतां दुकानांत गिऱ्हाईक खोळंबण्यास तीन निरनिराळीं कारणें असूं शकतात. दुकानदारच संथ असेल. किंवा फळी इतकी अरुंद असेल कीं एक डबा ठेवण्यासाठीं दुसरा उचलून वखारींत नेऊन ठेवावा लागत असेल. किंवा वखारच दूर असून तिची वाट बिकट असेल. गिऱ्हाइकाला बाहेरून दिसतो तो खोळंबा एकच. परंतु दुकानदार संथ असतां वखार सुधारण्यांत पैसा घातला तर तो वायां जाणार, हें उघड आहे. लॅपटॉपवर होणारा बराचसा निरर्थक खर्च याच जातीचा असतो.

नाडी पाहण्याचें साधन विंडोजमध्यें आयतेंच आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां टास्क मॅनेजर नांवाची खिडकी उघडते. तींत प्रत्येक चालू प्रोग्रामपुढें प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क असे रकाने असून रकान्याच्या माथ्यावर एकूण वापर शेंकडेवारीनें दिलेला असतो. यंत्र सुरू केल्यानंतरचीं पहिलीं दहा मिनिटें, आणि पुढें नेहमींचें काम चालू असतां, हे आंकडे वहींत टिपून ठेवावे. एकदां पाहून निकाल देऊं नये. विंडोज स्वतःच्या सुधारणा उतरवून घेत असेल, किंवा अँटिव्हायरस तपासणी करीत असेल, तर थोडा वेळ सर्व आंकडे चढतात व मग आपोआप उतरतात. तीन-चार दिवसांच्या नोंदी हातीं आल्या म्हणजे चित्र स्पष्ट होतें. प्रोसेसर १०-१५ टक्क्यांवर निवांत बसला आहे आणि डिस्क मात्र एकसारखी १०० वर आहे, असें दिसलें तर दोष वखारीचा. मेमरी नेहमींच ९० च्या आसपास असेल तर फळी अपुरी. प्रोसेसरच चढलेला असेल तर त्या रकान्याच्या माथ्यावर टिचकी मारावी, म्हणजे सर्वांत अधिक खाणारा प्रोग्राम वर येतो व चोर सांपडतो.

वहींत नोंद करण्याच्या या संवयीला मोठी परंपरा आहे. यंत्रांतील दोषास इंग्रजींत ‘बग’ म्हणजे किडा म्हणतात. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं अमेरिकेंत हार्वर्ड मार्क २ या अवाढव्य गणकयंत्राचें काम अडलें, तेव्हां तेथील मंडळींस एका रिलेंत खरोखरच एक पतंग अडकलेला आढळला. त्यांनीं तो काढून टेपनें नोंदवहींत चिकटविला व खरा किडा सांपडल्याची गमतीची टीप खालीं लिहिली. ही वही आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. हा शब्द तेव्हांच जन्मास आला असें पुष्कळजण समजतात, तें मात्र खरें नव्हे. एडिसननें आपल्या पत्रांतून तो एकोणिसाव्या शतकांतच वापरिला होता.

आतां वखारीकडे वळूं, कारण माझ्या पाहण्यांत आलेल्या मंद लॅपटॉपांपैकीं निम्म्याहून अधिक लॅपटॉपांचें दुखणें येथेंच निघालें आहे. जुन्या लॅपटॉपांतील हार्ड डिस्क ही खरोखर फिरणारी तबकडी असते. ज्यांनीं ग्रामोफोन पाहिला असेल त्यांस तिची रचना समजण्यास अडचण पडणार नाहीं. फरक इतकाच कीं येथील सुई तबकडीस टेंकत नाहीं, तर केसाच्या जाडीहून हजारों पटींनीं कमी अशा अंतरावरून तरंगत जाते. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं अशी पहिली डिस्क बाजारांत आणिली. तींत दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, ती कपाटाएवढी होती, आणि तींत सुमारें ५० लाख अक्षरें मावत. आज खिशांतल्या मोबाइलनें काढिलेलें एकच छायाचित्र पुष्कळदां तेवढी जागा घेतें.

लॅपटॉपांतील तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० फेरे घेते. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं येथें थोडें गणित करावें. मिनिटास ५,४०० म्हणजे सेकंदास ९० फेरे. एका फेऱ्यास सुमारें ११ मिलिसेकंद लागले. हवी असलेली माहिती सुईखालीं येण्यास सरासरीनें अर्धा फेरा, म्हणजे साडेपांच मिलिसेकंद वाट पाहावी लागते; आणि सुईला योग्य वर्तुळावर नेऊन उभें करण्यास त्याआधींच दहा-बारा मिलिसेकंद गेलेले असतात. तेव्हां एका ठिकाणची माहिती हातीं येण्यास सुमारें १६-१७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदास अशा ६० च खेपा झाल्या. विंडोज सुरू होतांना व तिच्यामागून इतर प्रोग्राम उठतांना हजारों लहान-लहान तुकडे निरनिराळ्या जागांहून वाचावे लागतात. समजा, अशा खेपा ३०,००० कराव्या लागल्या, तर ५०० सेकंद, म्हणजे आठ मिनिटांहून अधिक वेळ झाला! याउलट एसएसडी नांवाच्या नव्या डिस्कमध्यें फिरणारें असें कांहींच नाहीं; विद्युत्‌भार साठविणाऱ्या सूक्ष्म कप्प्यांची ती बनलेली असते, आणि कोणत्याहि कप्प्याकडे जाण्यास एका मिलिसेकंदाचा सुमारें दहावा हिस्सा किंवा त्याहूनहि कमी वेळ पुरतो. त्याच ३०,००० खेपा तींत तीन सेकंदांत आटोपतात. प्रत्यक्षांत प्रोसेसरचेंहि काम मध्यें येत असल्यानें यंत्र तीन सेकंदांत उठत नाहीं. परंतु मिनिटांचे सेकंद होतात, हें खरें.

आमच्या नववीच्या एका विद्यार्थ्याचा लॅपटॉप सुरू होण्यास आठ-नऊ मिनिटें घेई. त्याचे वडील तो एका दुकानीं घेऊन गेले असतां “मदरबोर्ड गेला आहे, दुरुस्तींत अर्थ नाहीं” असें त्यांस सांगण्यांत आलें व एक नवा लॅपटॉप हप्त्यानें देऊं करण्यांत आला. मुलाच्या थोरल्या बहिणीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठीं बाजूस ठेविलेली रक्कम त्यांत जाणार होती. सुदैवानें मुलानें टास्क मॅनेजर उघडून पाहिला होता. डिस्क १०० वर, प्रोसेसर ८ वर. मदरबोर्ड गेलेलें यंत्र बहुधा उठतच नाहीं. तें हळूहळू उठून मग बरें चालत नाहीं. हार्ड डिस्क काढून तिच्या जागीं एसएसडी बसविली, आणि तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आंत उठूं लागला. खर्च आला तो नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा अंश. बहिणीची फी वेळेवर भरली गेली.

ही अदलाबदल करण्यापूर्वीं एक काम मात्र न चुकतां केलेंच पाहिजे, आणि तें सांगतांना मी थोडा कठोर झालों तरी पालकांनीं रागावूं नये. आपल्या सर्व महत्त्वाच्या फायलींची नक्कल आधीं अन्यत्र करून ठेवावी. लॅपटॉप पुन्हां विकत मिळतो. आजीचीं शेवटच्या दिवाळींतलीं छायाचित्रें, दहावीच्या प्रकल्पाचीं सहा महिन्यांचीं टिपणें, हीं विकत मिळत नाहींत. जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात : एकूण प्रती तीन, साधनें दोन प्रकारचीं, आणि त्यांतील एक प्रत घराबाहेर. बाहेरच्या डिस्कवर एक व इंटरनेटवरील साठ्यांत एक, इतकें केलें तरी हा नियम पाळल्यासारखें होतें. जुनी डिस्क टक्‌टक्‌ असा आवाज करूं लागली असेल, किंवा फायली उघडतांना यंत्र अडकत असेल, तर मग दुसरें कांहींच न करितां प्रथम नक्कल घ्यावी. तबकडी केव्हां कायमची थांबेल याचा नेम नाहीं. दुसरें असें कीं, अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत बिटलॉकर नांवाचें कुलूप आपोआप लागलेलें असतें. आंतला भाग बदलल्यावर तें ४८ आंकड्यांची किल्ली मागतें. ही किल्ली बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यांत साठविलेली असते. ती आधींच उतरवून कागदावर लिहून ठेवावी.

एसएसडी सर्वच यंत्रांत घालतां येते असें नाहीं. टास्क मॅनेजरमधील परफॉर्मन्स या पानावर डिस्कच्या नांवाखालीं ती हार्ड डिस्क आहे कीं एसएसडी, हें नव्या आवृत्त्यांत लिहिलेलें असतें. प्रथम तें पाहावें, म्हणजे असलेलीच वस्तु पुन्हां विकत घेण्याचा प्रसंग येणार नाहीं. कांहीं स्वस्त लॅपटॉपांत डिस्क व रॅम हीं दोन्ही मुख्य पट्टीवर झाळून टाकिलेलीं असतात, त्यांस बदलतां येत नाहीं. नवा लॅपटॉप घेण्याची वेळ आलीच तर “रॅम वाढवितां येते काय, डिस्क बदलतां येते काय” हे दोन प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावे. रंग, झांकणाची जाडी व सोबत मिळणारी पिशवी यांपेक्षां हे प्रश्न फार महत्त्वाचे आहेत.

फळी अपुरी असल्यास रॅम वाढवावी, हें ओघानेंच आलें. ४ जीबी रॅमच्या यंत्रांत विंडोज स्वतःच निम्मी-अधिक जागा अडविते. उरलेल्या जागेंत ब्राउझरचीं वीस पानें उघडलीं कीं डब्यांची ने-आण सुरू होते. ८ जीबी असल्यास शाळेचें सर्व काम सुखानें होतें. रॅमच्या पट्ट्या डीडीआर-३, ४, ५ अशा पिढ्यांच्या असून एकीच्या खांचेंत दुसरी बसत नाहीं, म्हणून जुनी पट्टी पाहूनच नवी घ्यावी. परंतु पैसे खर्चण्यापूर्वीं उघडीं ठेविलेलीं पानें मिटून पाहावीं, आणि ब्राउझरला चिकटलेल्या लहान-लहान जोड-प्रोग्रामांपैकीं न लागणारे काढून टाकावे. हा उपाय फुकट आहे. आमच्या विद्यार्थ्यांस तो फारसा आवडत नाहीं. प्रत्येक पान ‘आतां लागणारच’ असतें.

फुकटच्या उपायांत आणखी दोन मोठे गुणकारी आहेत. पहिला असा : पुष्कळ प्रोग्राम आपणांस न विचारतां यंत्राबरोबरच उठण्याची व्यवस्था करून ठेवितात. टास्क मॅनेजरमध्येंच स्टार्टअप नांवाचें पान आहे. त्यांत अशा सर्वांची यादी मिळते. संभाषणाचे, खेळांचे, संगीताचे, छपाईयंत्राच्या जाहिरातीचे जे प्रोग्राम रोज लागत नाहींत ते तेथें निष्क्रिय करावे. यानें ते पुसले जात नाहींत. केवळ बोलावल्याशिवाय येत नाहींत. ज्याचें नांव ओळखतां येत नाहीं त्यास मात्र चौकशी केल्याविना हात लावूं नये, आणि अँटिव्हायरस बंद करूं नये. अँटिव्हायरस दोन असल्यास मात्र एक काढावा; दोन पहारेकरी एकमेकांसच अडवूं लागले म्हणजे घरमालकाची वाट बंद होते. विंडोजमधील स्वतःचा डिफेंडर सामान्य घरास पुरेसा आहे.

दुसरा उपाय ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. “मी रोज रात्रीं यंत्र बंद करितों, तरी तें बिघडलेलेंच कां राहतें?” असें विद्यार्थी विचारतात. याचें कारण असें कीं २०१२ सालच्या विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ करितांना यंत्र आपल्या गाभ्याची स्थिति डिस्कवर लिहून ठेवितें व दुसऱ्या दिवशीं तीच उचलून घेतें. यास फास्ट स्टार्टअप असें नांव आहे. उठणें लौकर होतें हें खरें, पण कालची अडगळहि बरोबर येते. ‘रीस्टार्ट’ केलें असतां मात्र सर्व पुसून नव्यानें मांडणी होते. तेव्हां विचित्र दोष दिसूं लागला कीं प्रथम रीस्टार्ट करावें. शट डाउन नव्हे. छपाईयंत्र न दिसणें, आवाज बंद पडणें, वाय-फाय न लागणें, अशीं कित्येक दुखणीं एवढ्यानेंच जातात.

डिस्क काठोकाठ भरली असल्यासहि यंत्र अडखळतें. सुमारें पांचवा हिस्सा मोकळा ठेवावा. डाउनलोड नांवाची कोठडी, कचऱ्याची टोपली व सेटिंग्जमधील स्टोरेज या पानावर दाखविलेल्या तात्पुरत्या फायली येथें हात घातला असतां बहुधा भरपूर जागा निघते. फायलींचे विखुरलेले तुकडे एकत्र करण्याची डीफ्रॅग ही क्रिया फिरत्या तबकडीस हितकर, परंतु एसएसडीस तिची गरज नाहीं. तेथें ती केल्यानें लाभ कांहीं नसून कप्प्यांची झीज मात्र होते.

आतां उष्णतेविषयीं. प्रोसेसर काम करितांना तापतो, आणि त्याचें तापमान सुमारें १०० अंशांच्या घरांत जाऊं लागलें कीं तो स्वतःला वांचविण्यासाठीं आपला वेग आपणच कमी करितो. बैल उन्हांत थकला म्हणजे पाय ओढूं लागतो तसेंच हें. नागपूर, चंद्रपूर या बाजूस मे महिन्यांत बाहेरची हवाच ४५ अंशांवर जाते, तेव्हां आंतल्या पंख्याचें काम किती अवघड होत असेल याची कल्पना करावी. त्यांत पंख्याच्या पुढच्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर धुळीचा थर जमून तिचें जणूं वाकळेंत रूपांतर झालेलें असतें. खूण सोपी आहे : यंत्र थंड असतां पहिलीं पंधरा मिनिटें चांगलें चालतें, मग पंखा घोंघावूं लागतो, बूड हाताला सोसवत नाहीं, आणि वेग पडतो. अशा यंत्रास गादीवर, उशीवर किंवा मांडीवरील चादरीवर ठेवूं नये; खालून हवा ओढणारीं छिद्रें बुजतात. पुठ्ठ्याच्या कठीण वहीवर किंवा लाकडी पाटावर ठेवावें, व मागची कड दोन बोटें उंच करावी. धूळ काढण्यासाठीं यंत्र बंद करून, चार्जर काढून, दाबलेल्या हवेच्या डब्यानें छिद्रांतून थोडथोडी हवा मारावी. पंखा भरारा फिरूं देऊं नये. चार-पांच वर्षें झालेल्या यंत्रांत प्रोसेसर व तांब्याची पट्टी यांमधील उष्णतावाहक लेप वाळलेला असतो. तो नवा लावण्याचें काम मात्र कारागिराकडेच द्यावें.

येथें एका फसवणुकीविषयीं सावध करणें अवश्य वाटतें. ‘आपल्या यंत्रांत ३,००० चुका सांपडल्या’ असें लाल अक्षरांत ओरडणारीं व त्या दुरुस्त करण्यास पैसे मागणारीं सॉफ्टवेअरें इंटरनेटवर विपुल आहेत. त्या चुका बहुतांशीं निरुपद्रवी नोंदी असतात. आणि त्या पुसण्याच्या भरांत विंडोजच्या रजिस्ट्रीचा एखादा आवश्यक भाग पुसला गेला तर यंत्र खरोखरच आजारी पडतें. त्याहून वाईट प्रकार दूरध्वनीचा. कोणी अनोळखी मनुष्य मोठ्या कंपनीचें नांव घेऊन “तुमच्या कॉम्प्युटरमध्यें व्हायरस आहे” असें सांगतो व एक प्रोग्राम उतरवून घेण्यास लावितो. त्या प्रोग्रामच्या द्वारें तो आपला पडदा पाहूं शकतो आणि बँकेच्या व्यवहारांपर्यंत पोंचतो. अशा रीतीनें आपणहून फोन करणारा यंत्रवैद्य कधींच खरा नसतो. फोन ठेवून द्यावा. घरांतील वडील मंडळींस ही गोष्ट मुलांनींच समजावून सांगावी.

यंत्र अजिबात उठत नसेल तर घाबरून जाण्यापूर्वीं क्रमानें तपासावें. चार्जरचा दिवा लागतो काय? दुसऱ्या सॉकेटवर लागतो काय? मग चार्जर काढून, बॅटरी निघण्यासारखी असल्यास तीहि काढून, सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. अडकलेला विद्युत्‌भार निघून जातो व पुष्कळदां यंत्र पुन्हां उठतें. पंखा फिरतो, दिवे लागतात, पण पडदा काळाच राहतो, असें असल्यास अंधारांत पडद्यावर तिरकस विजेरी मारून पाहावी. पुसट अक्षरें दिसलीं तर यंत्र ठीक असून पडद्यामागचा दिवा गेला आहे. कांहीं न दिसल्यास एचडीएमआय तारेनें घरचा दूरदर्शनसंच जोडावा. तेथें चित्र आलें तर दोष पडद्याचा किंवा त्याच्या तारेचा, मदरबोर्डाचा नव्हे. एवढी माहिती घेऊन जो दुकानीं जातो त्यास सहसा कोणी फसवीत नाहीं. चहा किंवा पाणी सांडल्यास मात्र तपासण्या करीत बसूं नये. तत्काळ वीज तोडून, यंत्र उलटें करून ठेवावें व चालू करून न पाहतां कारागिराकडे न्यावें. तांदळांत पुरून ठेवण्याचा उपाय प्रचारांत आहे, त्यानें आंतला ओलावा निघत नाहीं, आणि चहांतील साखर तर मुळींच निघत नाहीं.

बॅटरीसंबंधीं थोडक्यांत सांगतों. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीनें १९९१ सालीं प्रथम बाजारांत आणिली, आणि तिच्या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांस २०१९ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिला दोन गोष्टी सोसत नाहींत : उष्णता, व सदैव पूर्ण भरलेलें राहणें. यंत्र दिवसभर चार्जरवरच चालत असेल तर ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय पुष्कळ कंपन्यांनीं दिली आहे, ती चालू करावी. बॅटरी फुगून कळफलक किंवा स्पर्शपट्टी वर उचलली गेली असेल, तर तें यंत्र त्याच क्षणीं वापरण्याचें थांबवावें. ती दाबूं नये, टोचूं नये. तिला आग लागूं शकते.

सर्व अंगें निरोगी असूनहि जुन्या यंत्रांपुढें अलीकडे एक निराळीच अडचण उभी राहिली. विंडोज १० ला नेहमींची संरक्षक दुरुस्ती पुरविणें मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ देण्यांत आली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय, व इंटेलचा प्रोसेसर असल्यास सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. त्यामुळें २०१६-१७ च्या सुमारास घेतलेलीं कित्येक धडधाकट यंत्रें केवळ या नियमानें बाद ठरलीं. पूर्ण दुरुस्ती न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें धोक्याचें आहे, म्हणून हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

अशा यंत्रांसाठीं लिनक्सचा मार्ग मोकळा आहे. लिनस टॉर्व्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, हिचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. आज हिचे अनेक प्रकार मिळतात. त्यांपैकीं लिनक्स मिंट हा विंडोजची संवय असलेल्यांस सोपा जातो, ४ जीबी रॅमवर बरा चालतो, आणि त्यास किंमत पडत नाहीं. ब्राउझर, निबंध लिहिण्याचें व तक्ते करण्याचें साधन त्यांत आधींच असून देवनागरी लिहिण्याची सोयहि करून घेतां येते. जे प्रोग्राम केवळ विंडोजसाठींच केलेले आहेत ते मात्र त्यावर सरळ चालत नाहींत. तेव्हां महाविद्यालयांतील एखाद्या अभ्यासक्रमास तसा विशिष्ट प्रोग्राम लागत असेल तर आधीं चौकशी करावी. याची मोठी सोय अशी कीं, तो पेन ड्राइव्हवर घालून, लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावतां, तसाच चालवून पाहतां येतो. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. वाय-फाय लागतें काय, आवाज येतो काय, छपाईयंत्र दिसतें काय, हें दोन-चार दिवस पाहावें. पेन ड्राइव्हवरून चालत असल्यानें वेग थोडा कमी वाटेल, तिकडे लक्ष देऊं नये. सर्व ठीक वाटलें, आणि वर सांगितलेली फायलींची नक्कल घेऊन झाली असली, तरच पडद्यावरील ‘इन्स्टॉल’ या चित्रास टिचकी मारावी.